बिशपचं तोंड

आमच्या खोऱ्यात एखाद्या घोड्याचं तोंड उघडं दिसलं, की लोक घोड्याकडे बघत नाहीत. वर कोण बसलंय ते बघतात. लगाम ओढल्यावर घोड्यानं तोंड वासलं म्हणजे बसणाऱ्याचा हात जड. दारू, घटस्फोट, तुरुंगवारी, शेजाऱ्याच्या बायकोबरोबर आयडाहोला पळून जाणं, हे सगळं आमच्या बिटरवेलनं वेळोवेळी पोटात घातलेलं आहे. जड हात घातलेला नाही.

म्हणून लमार क्रिटेंडननं ‘घोड्याचं तोंड जरा उघडं करता येईल का?’ असं विचारलं, तेव्हा मी हातातली कॉफी खाली ठेवली.

लमार स्मारक समितीचा अध्यक्ष. हायवेवरचं मोटेल त्याचं, त्यामुळे समितीही त्याचीच. स्मारक होतं चोमिन एचार्तचं. चोमिन मोठ्या रँचवर बकारूंचा म्होरक्या होता. (काउबॉय हा टेक्सासवाल्यांचा शब्द, उत्तर नेव्हाडात तो तोंडावर वापरू नये.) सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गुरं खाली आणताना तो आपल्याच घोड्याखाली सापडून गेला. बिशप नावाच्या त्या घोड्यावर बसलेला चोमिन, खऱ्याएवढ्या आकारात, ब्राँझमध्ये, हायवेच्या वळणावर उभा राहायचा होता. करणार होता थर्लो पेटिट. खोऱ्यातला एकमेव शिल्पकार, एके काळचा बरा बकारू आणि चोमिनचा तीस वर्षांचा दोस्त.

“उघडं म्हणजे?” थर्लोनं विचारलं. तो शिडीवर चढून घोड्याच्या कानाशी काम करत होता.

“म्हणजे जरा जोश हो. नाकपुड्या फुगलेल्या, दात दिसतायत, जीभ बाहेर. गाडीतला माणूस ताशी सत्तर मैलांनी जातो. त्याला थांबवायचं तर काहीतरी घडताना दिसायला नको?”

“चोमिन वर असला की घोड्याला काही घडत नसे. तेच त्याचं कसब होतं.”

“ते आपल्याला ठाऊक. प्रवाशाला काय ठाऊक?”

“मग तुमच्या मोटेलसमोर लावा एक तोंड वासलेला घोडा. खोलीचं भाडं ऐकून वासलंय म्हणा.”

लमार हसला. तो सगळ्याला हसतो, त्यामुळे त्याला काय लागलं ते कळायला महिना जातो. जाताना म्हणाला, “अहो, शेवटी ग्रासियानाच ठरवणार आहे ना? मग झालं तर.”

ते मात्र खरं होतं. समिती परवानगी मागायला गेली तेव्हा चोमिनच्या बायकोनं, ग्रासियानानं, एकच अट घातली होती. “करा. पण ओतायला पाठवायच्या आधी मातीचा घोडा मी बघणार. हा चोमिन आहे असं मी म्हटलं तर ओता. नाही म्हटलं तर फोडा.” लमारला वाटलं, विधवा बाई, काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाली. थर्लोला तसं वाटलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती येणार होती, आणि त्या दिवसाचं नाव काढलं की तो जेवत नसे.

मी खोगिरं बनवते. रीनोला चार वर्षं इतिहास शिकले. ती पदवी माझ्या शिलाईच्या यंत्रावर टांगलेली आहे, कारण तिथे भिंतीत उंदराचं भोक आहे. त्या हिवाळ्यात मी रोज थर्लोच्या शेडमध्ये जायची. पूर्वी तिथे मेंढ्या कातरायचे, आणि थंडीत भिंतींमधून अजून लोकरीचा वास येतो. थर्लोची कामाची रीत अशी, की चामड्याची एकही वस्तू तो मनानं मातीत कोरत नाही. आधी खरी वस्तू बनवतो. कच्चं चामडं भिजवून त्याच्या दोऱ्या कापतो, त्यांचा लगाम वेणतो, आयाळीच्या केसांचा दोर वळतो, तो महिनाभर वापरून मळवतो, आणि मग तो समोर ठेवून त्याची माती करतो. लगाम-दोर त्याचे, खोगीर माझं. दिवसभर आम्ही दोघं आपापल्या चामड्याशी भांडायचो, आणि मध्ये तो भलामोठा मातीचा घोडा मान वळवून उभा असायचा.

लमार येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर थर्लो शिडीच्या खाली उभा होता.

“नेल, काल तू तोंडाला हात लावलास?”

“कुणाच्या?”

“बिशपच्या.”

मी वर बघितलं. काल ओठ मिटलेले होते. आज त्यांच्यात बोटभर फट होती.

“लमार,” थर्लो म्हणाला.

“लमारला माती हाताळायची तर तो आधी हातमोजे घ्यायला एल्कोला जाईल. अरे, ही शेगडी बघ कुठे आहे. माती तेलाची, ऊब लागली, खालचा ओठ बसला.”

त्याला ते पटलं. त्यानं शेगडी हलवली, ओठ मिटवले. तिसऱ्या दिवशी फट पुन्हा. मी म्हटलं, आतली तार सरकते आहे. त्यानं जबडा कापून तारेच्या जागी लोखंडी सळई घातली आणि वरून माती चढवली. त्यानंतर चार दिवस काही झालं नाही. मला स्वतःच्या इंजिनिअरिंगचा अभिमान वाटू लागला.

पाचव्या दिवशी तोंड तीन बोटं उघडलेलं होतं, आणि आत जीभ होती.

आता हे समजून घ्यायला हवं. मिटलेल्या तोंडात जीभ कुणी करत नाही. जी दिसणार नाही ती करायची कशाला? थर्लोनं आत नुसती लाकडाची भर घातली होती. तिथे आता जीभ होती. चांगली घडवलेली, मागे ओढलेली, एका बाजूला दुमडलेली. दुखावलेला घोडा ओढतो तशी.

ओठ बसतात, सळई सरकते. पण जीभ येते कुठून?

“तूच केली असशील,” मी म्हणाले. “मन दुसरीकडे असतं, हाताला सवय असते. मी नाही का एकदा आख्ख्या खोगिराला उलटा टाका घातला?”

“तेव्हा तुझा नवरा सोडून गेला होता.”

“तेच म्हणतेय. तुला कोण सोडून गेलंय?”

मी शिडी चढून जवळून बघितलं. जिभेवर अंगठ्याचा ठसा होता. थर्लोचाच. पण त्या शेडमध्ये प्रत्येक वस्तूवर थर्लोचाच ठसा होता, माझ्या कॉफीच्या कपासकट.

आवाज त्याच आठवड्यात सुरू झाला. आमच्याकडच्या चांदीकाम केलेल्या कडियाळ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसतं त्या लोखंडात, मधोमध एक लहानशी तांब्याची फिरकी असते. घोडा खुशीत असला की जिभेनं ती फिरवत राहतो, आणि ती किर्र किर्र वाजते. तिला आम्ही रातकिडा म्हणतो. चांगला घोडा दिवसभर रातकिडा वाजवत चालतो. ऐकणाऱ्यालाही झोप येते. जानेवारीत, भर दुपारी, बाहेर वारा पडलेला असताना, मी खोगिराची कड शिवत होते आणि तो आवाज ऐकला. दोनदा किर्र, मग थांबला. असा थांबला, जसा कुणी लगाम ओढल्यावर थांबतो.

मी मान वर केली नाही. थर्लोनंही केली नाही. पण त्याचा हात चामड्यावर जागच्या जागी राहिला होता.

“उंदीर,” मी म्हणाले.

“हो,” तो म्हणाला.

इतिहासाच्या पदवीचा एवढाच उपयोग होतो.

त्यानंतर तो रोज सकाळी येऊन तोंड मिटवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते उघडलेलं असायचं. मग त्यानं मला विचारणं सोडलं आणि मी कारणं देणं सोडलं. फेब्रुवारी लागला. ग्रासियाना यायला चार आठवडे राहिले. थर्लोच्या कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला.

मला खटकत होतं ते वेगळंच. थर्लो मापाचा वेडा. गाढवाचं मुंडकं करायचं तरी मापाचे चिमटे घेऊन गाढवाच्या मागे दिवसभर हिंडेल. आणि इथे भिंतीवर बिशपचे बावीस फोटो लावलेले.

“बिशप जिवंत आहे ना?” मी एकदा विचारलं.

“आहे. ग्रासियानाच्या कुरणात.”

“अकरा मैलांवर जिवंत घोडा उभा आहे, आणि तू फोटोवरून काम करतोयस?”

“रस्ता खराब आहे.”

“काल सत्तर मैल जाऊन माती आणलीस.”

“तो रस्ता चांगला आहे.”

“थर्लो, अरे जबडा चुकत असेल तुझा. फोटोवरून केलेला जबडा टिकत नसेल. मी जाऊन मापं आणते. चिमटे दे.”

त्यानं चिमटे दिले. ‘नको’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, हे मला नंतर आठवलं.

ग्रासियानाचं घर म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्याला चिकटलेल्या काही निरुपयोगी खोल्या. लसणाचं सूप उकळत होतं. माझ्या हातातले चिमटे बघून ती म्हणाली, “स्वतः नाही आला?”

“रस्ता खराब आहे म्हणतो.”

“सहा वर्षं खराब आहे. ये. पाव घे आधी. तू वाळलीस की तुझा कोट फुगलाय?”

बिशप मागच्या वाड्यात एकटा उभा होता. निळसर करडा, आता बारा वर्षांचा. सहा वर्षांत त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी कपाळापासून नाकापर्यंत माप घेतलं, गालाची रुंदी घेतली. तोपर्यंत तो देवमाणूस होता. ओठांच्या कोपऱ्याला बोट लावलं तशी त्यानं मान अशी झटकली, की मी कुंपणावर जाऊन आदळले. ग्रासियानानं त्याचे कान धरले, काहीतरी बास्क भाषेत पुटपुटली, आणि मी दातांच्या मागच्या मोकळ्या जागेत अंगठा घालून तोंड उघडलं.

जिभेवर आडवा वण होता. एक तृतीयांश जीभ कापली जाऊन पुन्हा जुळलेली. माझ्या हाताखालचा कुणी असा टाका घालता तर मी त्याला हाकलून दिलं असतं. घडी एका बाजूला पडली होती, आणि जीभ त्या बाजूला दुमडली होती.

ती जीभ मी दोन आठवडे रोज सकाळी बघत होते.

“बघितलंस?” ग्रासियाना म्हणाली. “चोमिनचं काम. कुणाला सांगायचं नाही, नेल. मेलेल्या माणसाचं नाव जाईल.”

“चोमिनचं?”

“आत चल. गार वाजतंय.”

मग सूप वाढता वाढता तिनं सांगितलं. घोडा तयार करायची आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. आधी दोन वर्षं तोंडात काही नाही, नुसती चामड्याची नाकपट्टी. मग दोन-तीन वर्षं नाकपट्टी आणि कडियाळं दोन्ही. पण हात चालतो नाकपट्टीवर, कडियाळं नुसतं तोंडात राहतं आणि घोडा रातकिडा वाजवायला शिकतो. शेवटी नाकपट्टी उतरते. ही पाच वर्षं कुणी चार केली तर त्याला लोक एकच शब्द म्हणतात, “घाई”. आईवरून शिवी दिली तर बकारू हसतो. ‘घाई केलीस’ म्हटलं तर कोट काढून बाहेर येतो.

“बिशप अजून दोन्हींत होता,” ग्रासियाना म्हणाली. “एक वर्ष बाकी होतं. चोमिन गेला त्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या हौदाशी गेले तर पाणी लाल. तोंड उघडून बघितलं. नुसत्या कडियाळ्यावर ओढलेला घोडा मला कळत नाही होय? तीस वर्षं बघतेय. चोमिन आला, त्यानंही बघितलं. मी म्हटलं, घाई केलीस.”

तिनं पळी खाली ठेवली.

“म्हटलं, म्हातारा झालास, हात गेला तुझा, आणि लोकांना दाखवायला घाई केलीस. तो काही बोलला नाही. एक शब्द नाही. कडियाळं काढून ठेवलं, नुसती नाकपट्टी चढवली आणि गेला कामाला. दहा वाजता त्याच्या बरोबरचा म्हातारा वॉरन पीट रिकाम्या खोगिराचा बिशप घेऊन आला. उतारावर पाखरू उडालं, चोमिननं दोर जरासा आवरला, तर घोडा घाबरून सरळ उभा राहिला आणि मागे पडला.” तिनं माझ्या ताटलीत अजून पाव ठेवला. “चूक होती म्हणून गप्प बसला, असं मी धरून चालले. नाहीतर चोमिन गप्प बसणारा होता का? या टेबलाशी बसून मी त्याला रोज विचारते अजून, का रे केलीस घाई? खा ना. थंड होतंय.”

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. तो अकरा मैल टिकला.

थर्लो शेडच्या दारातच उभा होता. मी मापांचा कागद दिला. त्यानं तो वाचला नाही.

“तोंड उघडलंस?”

“उघडलं.”

“कशी आहे जीभ?”

“तुला कशी माहीत आहे तशीच.”

तो आत जाऊन पालथ्या बादलीवर बसला. मातीचा घोडा त्याच्या डोक्यावर मान वळवून उभा होता, तोंड उघडं. मी शेगडीत लाकडं घातली, कारण मला दुसरं काही सुचेना.

“चोमिन आदल्या दिवशी दाढ काढायला शहरात गेला होता,” थर्लो म्हणाला. “ग्रासियानाही बरोबर गेलेली. मी स्केच करायला गेलो होतो. मला नुसती मान बघायची होती, नेल. पूर्ण तयार झालेला घोडा कडियाळ्यावर मान कशी धरतो, तो बाक. नाकपट्टीनं तो तुटतो. म्हटलं, दहा मिनिटं. बिशपच्या अंगात ते होतंच, एक वर्षानं दिसणार होतं, मला तेव्हाच बघायचं होतं. नाकपट्टी काढली आणि बसलो.”

“मग?”

“दिसला बाक. काय सांगू तुला! मग गंजीवरची ताडपत्री फडफडली. तो उडाला, आणि मी दोन्ही हातांनी ओढलं.”

आमच्याकडे त्या कडियाळ्यावर एक हात चालतो, तोही करंगळीनं. दोन्ही हात म्हणजे सुरी.

“कडियाळं धुतलं, होतं तसं टांगलं, आणि घरी आलो. सांगणार होतो. उद्या सांगू म्हटलं. चोमिनला बघताक्षणी कळलं असणार. त्या दिवशी तिथे माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.”

“त्यानं ग्रासियानाला सांगितलं नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुला माहीत नाही,” मी म्हणाले, आणि हौदाशी ती चोमिनला काय बोलली ते सांगितलं.

थर्लोनं ऐकलं. मग चामड्याच्या ओल्या दोऱ्या उचलून तो वेणायला लागला. वर कुठेतरी एकदा किर्र झालं. या वेळी आम्ही दोघांनीही वर बघितलं, आणि उंदीर कुणीच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला माझ्या ट्रकमधून घेऊन गेले. रस्ता उत्तम होता.

ग्रासियाना चुलीपाशीच होती. त्यानं टोपी काढली, आणि बसायच्या आधी, उभ्यानंच, सगळं सांगितलं. कुठे थांबला नाही, कुठे सावरून घेतलं नाही. ती पाठमोरी पळी फिरवत होती. पळी फिरायची थांबली नाही.

“किती वेळ बसला होतास?”

“दहा मिनिटं.”

“दोन्ही हात?”

“दोन्ही.”

“मान बघायची होती.”

“हो.”

“दिसली?”

“दिसली.”

“चांगली होती?”

थर्लोनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. “फार सुंदर होती,” तो म्हणाला.

ग्रासियाना वळली. ती रडली असती तर बरं झालं असतं. “सहा वर्षं,” ती म्हणाली, “मी या टेबलाशी बसून त्याच्याशी भांडतेय. तो ऐकून घेतोय. जिवंतपणी एक शब्द ऐकून घेतला नाही कधी, आणि मेल्यावर सगळं ऐकून घेतोय. मला वाटायचं, अपराधी आहे म्हणून ऐकतोय. आता मी कुणाशी भांडू? सांग ना.”

“माझ्याशी भांड.”

“तुझ्याशी? तू कोण माझा?” तिनं त्याच्या पुढ्यात ताटली ठेवली. घरी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, एवढंच कारण. “माती झाली का?”

“झाली. तोंड तेवढं मिटत नाही.”

“मिटवू नकोस. जसं होतं तसं कर. दोन्ही हात कर. आणि चोमिनला त्यावरून उतरव. त्यानं एकदा तुझं पाप आपल्या डोक्यावर घेतलं, बास झालं. ब्राँझ किती वर्षं टिकतं?”

“पाचशे. जास्तही.”

“पाचशे वर्षं तू बस.”

थर्लोनं ताटली बाजूला सारली. “ग्राशी, खोऱ्यातला प्रत्येक माणूस...”

“हो,” ती म्हणाली. “सूप पी.”

मार्चमध्ये ती ठरल्याप्रमाणे शेडवर आली. एकदा भोवती फिरली. खोगिरावर थर्लो होता. त्याचं नाक, त्याचे पडलेले खांदे, दोन्ही मुठी छातीशी ओढलेल्या. बिशपचं तोंड वासलेलं, जीभ मागे, डोळ्यांत पांढरं. थर्लोनं आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. हे म्हणणं बरं दिसत नाही, पण खोटंही बोलवत नाही. तिनं ‘ओता’ म्हटलं आणि गेली. तोंड उघडं करायचं ठरलं त्या दिवसापासून माती जिथे ठेवली तिथेच राहिली होती. आवाजही नव्हता. शेडमध्ये इतकी शांतता, की मी गाणी म्हणायला लागले, आणि थर्लोनं ती मला थांबवायला लावली नाहीत, यावरून त्याची अवस्था कळावी.

लमार खूश झाला. “बघा! मी म्हणत होतोच, उघडं तोंड पाहिजे.” चेहरा चोमिनसारखा नाही हे त्याच्या ध्यानात आलं, पण हायवेवरून चेहरा कुठे दिसतो? पाटीवर काय लिहायचं म्हणून त्यानं ग्रासियानाला फोन केला. ती म्हणाली, ‘चोमिनसाठी’ असं लिहा. लमारला ते फार हृद्य वाटलं. ‘चोमिन’ आणि ‘चोमिनसाठी’ यांत काय फरक आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

सप्टेंबरात अनावरण झालं. लांब टेबलं, कोकराचं मटण, घेवडा, पिंपातली लाल वाइन. कापड ओढलं तसे मोटेलमधले चार पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाकी कुणी वाजवत नाही, आणि तेही थांबले. रँचवरून आलेले चाळीसएक बकारू टोप्या हातात घेऊन घोड्याचं तोंड बघत होते. मग सगळ्यांनी, एकाच वेळी म्हणावं असं, वर कोण बसलंय ते बघितलं.

वॉरन पीट पुढे आला. शोशोनी जमातीचा म्हातारा, ऐंशी पार. चोमिनला आणि थर्लोला दोघांनाही दोर टाकायला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं घोड्याभोवती फेरी घातली, तोंडाखाली उभा राहिला आणि आत बघितलं.

“हे कधीचं?”

“चोमिन गेला त्याच्या आदल्या दिवशीचं,” थर्लो म्हणाला.

“कडियाळं कुणाचं?”

“चोमिनचं.”

“विचारलं होतंस?”

“नाही.”

वॉरननं मान डोलावली. टोपी घातली आणि जेवायला गेला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे गेले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी थुंकलं नाही. थर्लोच्या ताटात मटणही वाढलं. मी मनात म्हटलं, सुटला.

आम्हा लोकांना रागवायची सवय नाही. पोस्टात लोक त्याला हाक मारतात, कॉफी पाजतात, त्याचा ट्रक बंद पडला तर ढकलतात. वॉरन त्याच्याशी हवामानावर तासभर बोलतो. फक्त एक गोष्ट झाली, आणि ती कुणी ठरवून केली असं नाही. फाटक उघडायला उतरलेला माणूस जवळच्या कुणाच्याही हातात घोड्याचा दोर देतो, बघतही नाही कुणाच्या ते. आता बघतो.

गेल्या शरदात मी गाभण कालवडी हलवायला गेले होते. फाटकाची साखळी गोठली होती, तिला दोन हात लागणार होते, आणि पलीकडे थर्लो उभा होता. तो दुसरीकडे बघत होता. तसं बघायची त्याला सवय झाली आहे. माझी घोडी म्हातारी, गरीब, तोंडात काही नाही, साधा मोरका. मला वाटलं, कुणीतरी सुरुवात केली पाहिजे. आणि चार वर्षं शिकलेली मीच काय ती आहे.

“थर्लो,” मी हाक मारली, “धर रे जरा.”

त्यानं वळून बघितलं. खात्री करून घेतली. मग हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

मी दोर पुढे केला. त्याची बोटं त्यावर मिटली. घोडीनं कान टवकारले आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. साखळी तशीच लोंबत होती.

“नेल,” तो हळूच म्हणाला, “सोड.”

“हो,” मी म्हणाले, आणि माझ्या मुठीकडे बघत राहिले.